डाव्या खांद्यावरची टिकली

स्वतःच्या पाठीचा फोटो काढायचा तर पहिली अडचण येते ती अंगठ्याची. हात मागे वळवून फोन धरता येतो, चार बोटांत तो कसाबसा बसतोही, पण बटण दाबायला अंगठा मोकळा केला की निसटायला लागतो. नाहीच निसटला तर पंख्याचा फोटो येतो, कपाटाचा येतो, स्वतःच्या कोपराचा येतो. पाठ सोडून सगळ्याचा येतो. त्यातून खांदे आखडलेलं वय असेल तर हात जेमतेम ब्लाउजच्या खालच्या काठापर्यंत पोचतो, आणि हवी असलेली जागा नेमकी त्याच्या वर असते.

हा उद्योग मी हौसेनं केला नाही. डाव्या खांद्याच्या पात्याखाली आग होत होती. आधी वाटलं उसण भरली, म्हणून शेक घेतला. मग वाटलं वात धरला, म्हणून ओवा चावला. मग एका सकाळी आंघोळ करताना पाठीवर पाणी पडलं आणि तोंडातून किंकाळीच बाहेर आली. बोटं जिथवर पोचत होती तिथं काहीतरी खरखरीत, उठलेलं लागत होतं. रविवार होता. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "काकू, कुणाकडून तरी फोटो काढून घ्या आणि पाठवा. बघून सांगतो."

कुणाकडून तरी. यजमान गेल्याला काही वर्षं झाली. मुलगा टोरांटोत, त्याच्याकडे तेव्हा रात्र. शेजारच्या वैनी सहकुटुंब नरसोबाच्या वाडीला गेलेल्या. खाली वॉचमन होता, पण त्याला वर बोलावून पाठ दाखवण्याइतकी मी अजून आधुनिक झालेली नाही. फोटो बघून औषध सांगायला डॉक्टरांना अधिकृत मुभा आहे, 25 मार्च 2020 ला, म्हणजे टाळेबंदी लागली त्याच दिवशी, सरकारनं त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्या तत्त्वांत फोटो कुणी काढायचा ते लिहिलेलं नाही.

मग मी कामाला लागले. टायमर लावला, फोन इस्त्रीच्या टेबलावर पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि पाठ करून उभी राहिले. दहा सेकंद फार असतात. तेवढ्यात माणूस दोनदा पाय बदलतो, एकदा मागे वळून बघतो, आणि नेमका तेव्हाच फोटो निघतो. शिवाय कॅमेऱ्याला पाठ कळत नाही. चेहरा असला तर तो लगेच चौकोन काढून त्यावर नजर धरतो. नुसती पाठ दिसली की गोंधळतो आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं स्वच्छ टिपून देतो. तळहात दाखवला की फोटो काढतो म्हणे, पण कॅमेऱ्याकडे पाठ करून तळहात दाखवायचा म्हणजे पोलिसाला शरण जाणाऱ्या चोरासारखं उभं राहायचं. तेही करून पाहिलं. बोलून फोटो काढायची सोय माझ्या फोनमध्ये आहे, 'स्माईल' म्हटलं की काढतो. रिकाम्या घरात, अर्ध्या उघड्या अंगानं, दुखणाऱ्या पाठीनं 'स्माईल' म्हणून ओरडणं हा प्रकार मी एकदाच केला.

जमलं ते असं. कपाटाच्या मोठ्या आरशाकडे पाठ करायची. फोन तोंडासमोर, सेल्फी काढतात तसा धरायचा आणि थोडा तिरका करायचा, म्हणजे खांद्यावरून मागचा आरसा पडद्यावर दिसतो आणि आरशात आपली पाठ. अंगठा समोर असल्यामुळे मोकळा राहतो. फ्लॅश बंद ठेवायचा, नाहीतर आरशातून तो परत डोळ्यांत येतो आणि लाल रंग पार पांढरा पडतो. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळीच कातडी आजारी दिसते, म्हणून खिडकीचा पडदा जेमतेम वीतभर सरकवून दिवसाचा उजेड आत घ्यायचा, समोरच्या इमारतीचा अंदाज घेऊन. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी फोन फळीवर ठेवून सरळ व्हिडिओ लावावा, सावकाश गिरकी घ्यावी आणि नंतर हवा तिथं थांबवून त्याचा स्क्रीनशॉट काढावा. घाई नसते, ओरडावं लागत नाही.

पण यात एक मेख आहे. आरसा डावं-उजवं उलटवतो. सेल्फीचा कॅमेरा पडद्यावर दाखवताना ते आणखी एकदा उलटवतो, म्हणजे फोटो काढताना पडद्यावर दिसणारी पाठ सुलटी असते. फोटो साठवताना मात्र बरेच फोन ही दुसरी उलटापालट काढून टाकतात, म्हणजे डॉक्टरांना जातो तो पुन्हा उलटा फोटो. चेहऱ्याच्या बाबतीत हे चालून जातं, भांग इकडचा तिकडे गेला तर कुणाचं काय बिघडतं? पण दुखणं डावीकडे की उजवीकडे हे डॉक्टरांना नीट कळायला हवं. म्हणून मी डाव्या खांद्यावर एक टिकली लावली, लाल मोठी, हळदीकुंकवाच्या वाणात आलेल्या पाकिटातली. आणि खाली लिहून टाकलं, 'टिकली डावीकडे आहे.' शिवणाच्या डब्यातली टेप पाठीवर सोडून मापाची सोय करायचा विचार होता, पण ती घसरून पडली आणि मी ती तिथंच पडू दिली.

फोटो बघितल्यावर पहिल्यांदा हे लक्षात आलं की मला जिथं आग होतेय असं वाटत होतं, तिथं काहीच नव्हतं. जे होतं ते चांगलं चार बोटं वर होतं. यात माझ्या वयाचा दोष नाही, पाठीचाच स्वभाव तो. लायप्झिगच्या अर्न्स्ट वेबर नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं कंपासची दोन टोकं अंगावर ठिकठिकाणी टेकवून पाहिली होती आणि 1834 मध्ये त्याबद्दल लिहिलं होतं. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतर असलं तरी टोकं दोन आहेत हे कळतं. पाठीवर तीच टोकं चारेक सेंटिमीटर लांब नेली तरच कळतं, नाहीतर एकच टोक टेकल्यासारखं वाटतं. अंबाड्याचा आकडा घेऊन घरच्या घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे, फक्त आकडा टेकवायला दुसरं कुणीतरी लागतं. पाठ खाजवून देणाऱ्याला आपण "थोडं वर, नाही, डावीकडे, अं हं, खाली" असं फिरवत राहतो त्याचं कारण हेच. जागा आपल्यालाच माहीत नसते.

तर फोटोत होता लाल चट्ट्यांचा आणि पाणी भरलेल्या बारीक फोडांचा एक पट्टा. मणक्यापासून निघालेला, पात्याखालून काखेकडे गेलेला. मणक्याच्या बाजूला तो असा थांबला होता की कुणी पट्टी लावून रेघ मारली असावी. उजवीकडे एक पुटकुळीसुद्धा नाही. डॉक्टरांचा निरोप दोन मिनिटांत आला, "नागीण आहे काकू. गोळ्या आजच सुरू करायच्या."

सातव्या-आठव्या वर्षी बेळगावात मला कांजिण्या आल्या होत्या. अंथरुणात कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, आणि आजीच्या लेखी अंगात देवी. त्या कांजिण्या बऱ्या झाल्या पण गेल्या नाहीत. त्यांचा विषाणू मणक्याच्या शेजारी मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो आणि दशकानुदशकं गप्प राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती जरा ढिली पडली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं बाहेर येतो. प्रत्येक मज्जातंतूचा कातडीवरचा इलाखा ठरलेला, एकेका बाजूचा, मणक्यापासून पुढे छाती-पोटाच्या मध्यापर्यंत. म्हणून नागीण पट्ट्यासारखी दिसते आणि म्हणूनच ती मध्यरेषा सहसा ओलांडत नाही. आग आधी होते, फोड मागाहून येतात, त्यामुळे सुरुवातीचे दिवस माणूस शेक आणि ओवा यांतच घालवतो. विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यांत चांगलं. मला 800 मिलिग्रॅमच्या, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. रविवारचा तो फोटो निघाला नसता तर सोमवार-मंगळवार असेच गेले असते.

वैनी वाडीहून परतल्या तेव्हा मी त्यांना फोनवरच सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "तोंड कुठवर आलंय?" नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे त्यांनी ऐकलंय, मीही ऐकलंय, महाराष्ट्रात कुणी ऐकलं नाही असं घर सापडायचं नाही. गावाकडे तोंडापुढे गेरूची रेघ ओढतात, नागीण उतरवणारे असतात, ते मंत्र घालतात आणि दोन-चार आठवड्यांत ती खरंच उतरते, कारण खपल्या धरून ती एरवीही तेवढ्याच अवधीत उतरते. मागे राहते ती आग, आणि कुणाकुणाला ती महिनोन् महिने पुरते. त्यावर मात्र गेरूचा इलाज नाही. वैनींना मी फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून बघितला असणार, कारण उत्तर आलं, "मणक्यापाशी थांबलीय हो! पुढं छातीवर कुठवर आलीय ते बघा." मी बघितलं. स्तनाखाली थोडं पुढे येऊन ती थांबली होती. मज्जातंतूंचं सगळं ठाऊक असूनही बघितलंच.

नागिणीवरून नजर हटल्यावर मग पाठ दिसली. इतकी वर्षं माझी असलेली पाठ मला ओळखू आली नाही. ब्लाउजच्या मागच्या गळ्याचा अर्धगोल तिच्यावर छापलेला होता, वर सावळी, खाली गोरी, सीमारेषा इतकी ठळक की शिंप्याला माप घ्यायची गरज पडू नये. चाळीसएक वर्षं बसस्टॉपवर उभं राहिल्याचं ते ऊन. उजव्या पात्यावर एक जुना पांढरा व्रण, चवलीएवढा, तो कधी आणि कशानं पडला हे सांगू शकणारी सगळी माणसं आता नाहीत. आणि मान जिथं पाठीला मिळते तिथं किंचित फुगीर उंचवटा. तो मी ओळखला. दिवाळीत पहाटे आईच्या पाठीला तेल लावताना तळव्याला लागायचा, तो हाच.

गंमत अशी की साडी नेसणाऱ्या बाईची पाठ जगभर दिसत असते. देवळाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईला ती दिसते, बसमध्ये मागच्या सीटवरच्याला दिसते. शिंपी विचारतो, "मागचा गळा किती?" आणि आपण कुणा दुसरीच्या पाठीकडे बोट दाखवून म्हणतो, "एवढा." हल्ली लग्नात नवरीच्या ब्लाउजवर सगळं आरी वर्क पाठीवरच असतं, मोर, पालखी, कुणाकुणाचं तर नवऱ्यासकट नाव. हजारो रुपयांची ती कारागिरी नवरीला दिवसभर दिसत नाही. फोटोग्राफर एक फोटो मागून काढतो, तोच काय तो तिचा.

बेळगावात आमच्या लहानपणी यावर एक तोड होती. कन्नड घरांतून आलेली चाल, पण मराठी घरांनीही उचललेली. मुलीच्या वेणीवर मोगऱ्याच्या कळ्या दाट गुंफून बसवायच्या, त्याला मोग्गिन जडे म्हणतात, आणि मग फोटो स्टुडिओत न्यायचं. समोरून फोटो काढला तर वेणी दिसत नाही, मागून काढला तर मुलगी दिसत नाही. म्हणून फोटोग्राफर मुलीच्या मागे तिरका, पुरुषभर उंचीचा आरसा लावायचा. एकाच फोटोत पुढून मुलगी आणि मागून वेणी. माझ्या आक्काचा तसा फोटो आहे. मान अवघडलेली, चेहऱ्यावर वैताग, आणि आरशात मात्र कमरेपर्यंत पांढरीशुभ्र, निवांत वेणी. माझा नाही, कारण त्या वर्षी टायफॉइडनं माझे केस गेले होते. कपाटाच्या आरशापुढे फोन तिरका करताना मला त्या फोटोग्राफरची आठवण झाली. त्याला हे गणित येत होतं. कळ्या गुंफायला मात्र आक्काच्या मागे दोन बायका बसलेल्या असायच्या.

फोटो पाठवून झाल्यावर दुसरी धास्ती. माझ्या फोनमधले फोटो आपोआप क्लाऊडवर जातात, मुलानंच लावून दिलंय तसं, आणि त्याच्या घरच्या टीव्हीवर ते सावकाश एकामागून एक फिरत राहतात. आईचं अंगण, आईच्या कुंडीतली जास्वंद, आईनं केलेल्या कडबोळ्या. त्यात आईची पाठ. सुनेची मैत्रीण सोफ्यावर कॉफी पितेय आणि समोर बासष्ट इंची नागीण! मी तातडीनं ते फोटो काढून टाकले, पण एका जागेवरून काढले की दुसऱ्या जागी उरतात. गॅलरीतून गेले तरी कचराकुंडीत महिना-दोन महिने राहतात, तिथून काढावे लागतात, आणि व्हॉट्सअॅपच्या गप्पांत आणखी एक प्रत असतेच. दुखण्याचे फोटो काढणाऱ्यांनी हे आधी बघून घ्यावं, म्हणजे आपोआप वर चढणं बंद करून मग फोटो काढावा. आजार झाला म्हणून माणसाची लाज संपत नाही. डॉक्टरांसमोर ती बाजूला ठेवायची असते, टीव्हीसमोर नाही.

तर बघण्याची सोय झाली. लावण्याची काय? डॉक्टरांनी कॅलामाइन लोशन सांगितलं होतं. फोटो बघून नेमकी जागा कळली होती, पण हात तिथं पोचत नव्हता तो नव्हताच. उलथन्याला कापूस बांधून पाहिला, तो फोडांवर टेकला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. वैनी यायला तयार होत्या, मीच त्यांना नको म्हटलं. त्यांच्या सुनेला सातवा महिना, आणि तिला कांजिण्या आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. नागिणीची नागीण दुसऱ्याला होत नाही, पण फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदरपणात त्या धोक्याच्या. खपल्या धरेपर्यंत त्यांच्या दारात जायचं नाही असं मी ठरवलं. जिच्याकडून हक्कानं पाठ चोळून घेता आली असती अशी एकच शेजारीण, तिलाच लांब ठेवायची वेळ आली.

राहिल्या आमच्या मावशी. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण सोसायटीत त्यांना सगळे मावशीच म्हणतात. सोमवारी त्या आल्या तेव्हा दारातच विचारलं, "मावशी, तुम्हाला कांजिण्या आल्या होत्या का हो?"

"आल्या व्हत्या की. अंगभर. ह्ये बघा," म्हणून त्यांनी कपाळावरची खूण दाखवली.

मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी भांडी घासायचे रबरी हातमोजे काढले, मी आणलेले पातळ मोजे चढवले आणि कापसानं लोशन असं लावलं की मला ते टेकल्याचं कळलंही नाही, नुसता गारवा कळला. पट्टा कुठं संपतो ते त्यांनी मला न विचारता बघितलं. मी म्हटलं, "एक फोटो पण काढता का? डॉक्टरांना आजचा हवाय." त्यांनी फोन घेतला, धरला, दाबला. झालं. टेपसुद्धा त्यांनी दुसऱ्या हातानं पाठीला लावून धरली होती. टिकलीची गरज पडली नाही. तो फोटो बघून डॉक्टरांनी लिहिलं, "हा उत्तम आलाय."

लोशन सुकायला मी पंख्याखाली बसले तशा मावशी जरा घोटाळल्या. मग म्हणाल्या, "काकू, माज्या पाठीला बी बघता का? लई दिस झालं. खाज ऱ्हातच न्हाई. मालकाला म्हनलं बग, तर म्हनं काय न्हाई, लाल झालंय जरा."

मी बघितलं. कमरेच्या वर, जिथं साडी-परकराचा घाम धरतो तिथं, कडा उठलेली आणि मधे निवळलेली मोठमोठी वर्तुळं. मी डॉक्टर नाही, पण गजकर्ण ओळखायला डॉक्टर लागत नाही. फोटो काढला आणि त्यांच्या हातात फोन दिला. मावशींनी दोन बोटांनी तो मोठा केला, इकडून तिकडे सरकवला, एकदा फोन उलटा धरला. "ही माजी हाय?" म्हणाल्या. आणि मग, "एवढी रुंद?"

लावायला त्यांच्याकडे एक ट्यूब होती, मेडिकलवाल्यानं दिलेली, चाळीस-पन्नास रुपयांची. लावली की दोन दिवस खाज थांबते आणि मग दुप्पट येते. अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र सुखानं पसरते, आणि बंद केलं की उसळून वर येते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय असली मलमं द्यायची नाहीत असा नियम आहे, मेडिकलवाल्याला तो माहीत असतो आणि गिऱ्हाइकाला नसतो. डॉक्टरांनी फोटो बघून ती ट्यूब फेकून द्यायला सांगितली, बुरशीवरचं साधं मलम दिलं, वर्तुळ दिसतं त्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं आणि बरं वाटलं तरी मधेच सोडायचं नाही अशी ताकीद दिली. घरातल्या बाकीच्यांच्या पाठीही बघा म्हणाले. टॉवेल एकच असतो ना.

"कुणाला लावायला सांगू?" मावशींनी विचारलं. मी म्हटलं, "कुणाला म्हणजे? मी आहे की."

सध्या असं चाललंय. माझ्या खपल्या पडल्या, आग अजून अधूनमधून होते, डॉक्टर म्हणतात थोडं थांबा, मग लस घेऊन टाका. नागिणीची लस आता भारतातही मिळते, दोन डोस, महाग आहे. मावशींची वर्तुळं फिकट होत चालली आहेत. भांडी झाली की आधी त्यांची पाळी, आणि अजून लोशन लागलं तर माझी. दर आठवड्याला दोघींचे फोटो निघतात, त्याच खिडकीशी, टेप लावून, म्हणजे फरक कळतो. परवा मी त्यांना म्हटलं, "तुमचा फोटो तुमच्या फोनवर पाठवते, तुमच्याजवळ राहील."

"नगो नगो," मावशी घाईघाईनं म्हणाल्या, "त्यो फोन पोरगा घेऊन बसतोय दिसभर. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

म्हणून ते माझ्या फोनवर आहेत, क्लाऊडवर न चढणाऱ्या फोल्डरमध्ये. त्या फोल्डरला मी नाव दिलंय 'लोणची'. मुलगा ते कधी उघडणार नाही, त्याला लोणचं आवडत नाही.